मनगटाचा व्यायाम

फाशांचं मला सांगू नका यार, अमेरिकेत हर्नडनला असताना मी क्रॅप्सची, म्हणजे कॅसिनोतल्या फाशांच्या जुगाराची, रीतसर प्रॅक्टिस केलीये. दोन्ही फासे चिकटवून धरायचे आणि हलक्या मनगटानं असे सोडायचे, की ते जोडीनं उडून समोरच्या भिंतीला टेकावेत आणि गप पडावेत. म्हणजे नको तेव्हा सात पडून डाव जात नाही, असं एका वेबसाइटवर वाचलं होतं. डायनिंग टेबलावर ब्लँकेट अंथरलं, टोकाला सीरिअलचे खोके उभे केले, झाली भिंत!

तेवढ्यात पुण्याहून आई आली. "हे काय रे?"

"कीबोर्डनं मनगट दुखतं ना आई, डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय."

मग ती रोज समोर बसून फासे उचलून द्यायला लागली. वर, "आज एक जरा जास्तच पळाला हं," असंही सांगायची.

पुढे तिला समुद्र दाखवायला म्हणून अटलांटिक सिटीला नेलं. बाकावर बसवलं, "कॉफी आणतो" म्हटलं आणि कॅसिनोत शिरलो. तिथलं टेबल आमच्या टेबलापेक्षा कितीतरी लांब. भिंत गाठायची म्हणून जोर लावला, तर एक फासा उडाला तो थेट एका गोऱ्या आजोबांच्या ग्लासात! सगळे हसायला लागले. मी ओशाळून मागे वळलो, तर आई उभी. बाथरूम शोधत आत आली होती.

"आई, ते मनगट..."

"गप रे. तुझे बाबा रमीला स्मरणशक्तीचा व्यायाम म्हणायचे. त्यांनाही कधी जिंकता आलं नाही."