तांब्याचे नाव भाऊसिंग

सन्माननीय अध्यक्ष रामराव पाटील, आजचे सत्कारमूर्ती नाकेदार भाऊसिंग, माताभगिनींनो आणि मेडशीच्या ग्रामस्थहो,

मला भाषणाचा सराव नाही. वर्गात बोलतो, ते निराळे. भाऊसिंगांची मेळघाटात बदली झाली. त्यांनी इथले जंगल कसे राखले, हे अध्यक्षांनी सांगितलेच. मी त्यांच्या कुटुंबाविषयी बोलणार आहे. त्यांनी राग मानू नये.

गेल्या वर्षी माझी पत्नी पंचफुला हिच्या अंगावरून वारे गेले. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. पुढे वाचा आली, ती एकाच शब्दाची. तो शब्द म्हणजे माझे नाव. उखाण्याबाहेर जिने ते कधी घेतले नाही, ती पाणी हवे तरी ‘जानराव’ म्हणे, उशी हवी तरी ‘जानराव’. विहिरीवर हसू झाले. ते तिच्या कानी गेले आणि तिने तोंडच मिटले. वैद्यबुवा म्हणाले, जीभ अशीच बसली तर कायमची बसेल. मी पुष्कळ विनवले. पण नवऱ्याच्या विनवण्याने अशी लाज जाते का?

एका दुपारी भाऊसिंगांच्या पत्नी रुखमाबाई शेजारच्या सोजरबाईंना घेऊन आल्या. उशाशी बसून म्हणाल्या, “सोजरमाय, तो भाऊसिंग द्या बरं इकडे.”

“कोन भाऊसिंग?”

“तो तांब्या. आजपासून त्याचं नाव भाऊसिंग.”

“काहून वो, नवऱ्याचं नाव घेऊन राह्यली?”

“तुमी बी घ्या.”

सोजरबाईंनी भिंतीवरचे सूप काढले. “मंग सूप म्हंजे रामकिसन. कान तसेच हायेत त्याचे.”

भाऊसिंग, आपण हे आज प्रथमच ऐकत असाल.

पंचफुला अर्ध्या तोंडाने हसली. मग कोपऱ्यातल्या काठीकडे डावे बोट करून म्हणाली, “जानराव.” रुखमाबाईंनी काठी दिली, उठायला खांदाही दिला.

त्या रोज येत राहिल्या. हळूहळू पाण्याला पाणी आले, काठीला काठी. एकेक शब्द येई, तसे माझे नाव मागे सरे. दिवाळीत तिने मला पूर्वीसारखे ‘अहो’ म्हटले. रुखमाबाईंनी गूळ वाटला. मीही आनंदाने खाल्ला.

माघात पुन्हा वारे गेले. त्यातून ती उठली नाही.

गावात मला सगळे मास्तर म्हणतात. जानराव म्हणणारे आता कोणी नाही.

रुखमाबाई, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत, मला कळत नाही. मंडळी, आपण ऐकून घेतलेत, आभारी आहे. बोलण्यात एका शब्दाच्या जागी दुसरा आला असेल, तर सांभाळून घ्या. आमच्या घरी ते चालत असे.