नाव घातलेला डबा

मंडळी, ऐका! आधी एक सांगा — शहर वाढतं म्हणजे काय वाढतं? माणसं? ती तर वाढतायतच! चीन घ्या, व्हिएतनाम घ्या, बांगलादेश, इंडोनेशिया — जो तो बोचकं बांधून शहराकडे निघालाय! आपलं पुणं तरी कुठं मागं आहे? पण माणसांबरोबर शेजार वाढतो का? — राहू द्या, तोंडं बघूनच कळलं!

तर अनुसूयाबाई माने. सांगोल्याकडच्या. नुकत्याच लेकाकडे, विश्वासकडे राहायला आल्या. कॉलनीत अकरा इमारती, सगळ्या एका रंगाच्या, एका मापाच्या! आल्याबरोबर म्हातारीनं शेंगदाण्याचे लाडू वळले. नव्या जागी आलो, शेजारी द्यायला नकोत? सून प्राजक्ता म्हणाली, "आई, इथं असं कुणी देत नाही हो."

ऐकतील तर त्या अनुसूयाबाई कसल्या! लेक-सून कामावर गेले, तशी डबा घेऊन निघाल्या. समोरचं दार बंद. मग खाली बागेत गेल्या, तिथल्या बायकांना थोडे लाडू वाटले. परत फिरल्या — आणि शिरल्या भलत्याच इमारतीत! तोच सातवा मजला, तसंच दार. बेल दाबली. दार उघडलं एका तरुण बाईनं, रेहानानं.

"तू कोण गं? माझ्या घरात काय करतेस?"

"आजी, हे माझं घर आहे!"

"मग माझं कुठं गेलं?"

हसताय? तिकडे विश्वासच्या पायाखालची जमीन सरकली होती! घरी येऊन बघतो तर आई नाही. फोन टेबलावर, साखरेची दुपारची गोळी तशीच. समोरचं दार ठोठावलं — "आमच्या आईला पाहिलंत?" समोरचे गृहस्थ म्हणतात, "तुमच्याकडे आई असते?" अहो, चार वर्षं समोरासमोर दारं! बिचारा जिने उतरत, रडत, देवाचा धावा करत सुटला.

इकडे अनुसूयाबाईंना ना घराचा आकडा पाठ, ना इमारतीचं अक्षर. नाव सांगून कॉलनीत ओळखतंय कोण? पण रेहानाची नजर डब्यावर गेली. जुन्या पद्धतीनं कोरलेलं — 'सौ. अनुसूया माने, सांगोला'. तिनं फोटो काढला, कॉलनीच्या ग्रुपवर टाकला : "हा डबा कुणाचा? मालकीणबाई माझ्याकडे चहा पितायत!" खाली आपल्या इमारतीचं अक्षर आणि घराचा आकडाही घातला.

विश्वासनं तो डबा बघितला मात्र — धावतच सुटला! आईच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. सुटला हो जीव!

"अरे, रडतोस काय? आत ये. ही रेहाना. लाडू खा."

"आई, आधी गोळी घे!"

मंडळी, डब्यावर नाव होतं, म्हणून माय सापडली. आता सांगा — तुमच्या समोरच्या दारी कोण राहतं? नाव सांगा! करा हात वर!... एवढेच? बरं. आज इथं मिळेल ती प्रसादाची वाटी घरी न्यायची नाही. समोरचं दार वाजवायचं, वाटी द्यायची, नाव विचारायचं. आणि मगच आपल्या दाराची किल्ली काढायची!