दारावरची घोंगडी

जनावरांच्या दवाखान्यात, औषधांच्या रांगेत माझ्यापुढे एक घोडेवाला होता. त्याची लेक धापा टाकत आली.

"घोडा दौडवून आणलास आणि घामेजलेला तसाच बांधलास?"

"बाबा, मला वाटलं तुम्ही फिरवाल."

"खोगिराखालची घोंगडी दारावर दिसली. घोडा फिरवून गार केल्याशिवाय आपण ती तिथे टांगतो का? म्हणून मी बिनधास्त दाणा घातला."

"अहो, मी नुसती वाळत टाकली होती."

"गरम अंगावर दाणा गेला, आता पोटदुखीने लोळायला बघतोय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"औषध पोटात जाईपर्यंत चालवत ठेवा, आडवा होऊ देऊ नका."

"मग आत्ता कोण चालवतंय?"

"तुझी आई, दवाखान्यामागच्या आवारात."

"आई? ती तर त्याच्या आसपासही फिरकत नाही!"

"दोरी हिसकावूनच घेतली. म्हणाली, तुमचे हात थरथरतायत, त्याला कळतं ते."