टीव्हीवरची आमची पंगत

मी उज्जैनचीच. वडील रेल्वेत होते, साताऱ्याकडून बदली होऊन आले ते इथलेच झाले, म्हणून माझं मराठी असं अर्धं हिंदी, तुम्ही लिहिताना सुधारू नका बरं का. लग्न झालं ते आचाऱ्याशी. नाव दत्तात्रय, पण आमचा सारा फ्रीगंज मोहल्ला त्यांना दत्तूमहाराज म्हणायचा. स्वभाव मोठा गमत्या, पुऱ्या तळताना गाणी म्हणायचे, आणि भाजीत मीठ जास्त पडलं की म्हणायचे, ही वरपक्षाला वाढा, ते तसंही नावंच ठेवणार. मी स्वयंपाक शिकले तो त्यांच्याच भट्टीपाशी.

आता ते लग्न, ज्याचं तुम्ही विचारलंत. देवासच्या पलीकडे एका गावात, मराठी घरचंच, स्वयंपाक यांच्याकडे. मुलीच्या काकाचं जमिनीवरून कोणाशी वैर, ते लोक बंदुका घेऊन आले आणि मांडवाच्या दारातून गोळ्या सुरू. आपले लोक पंगतीत बसलेले. आधी वाटलं फटाके फोडताहेत, आणि कळलं तरी कोणी उठेना, काय सांगू तुम्हाला, आपल्यात भरल्या पानावरून उठायचं नाही ना, शेजारचा उठत नाही तोवर आपण कसं उठायचं, जो तो दुसऱ्याकडे बघतोय. तेव्हा हे मधोमध येऊन ओरडले, पंगत मोडली, उठा. लग्नात असं बोलणं म्हणजे केवढा अपशकुन, पण ते ऐकून माणसं उठली, मागच्या बाजूने पळाली, वाचली. जे नाही वाचले त्यांत हे होते. मी घरी होते, धाकट्याला ताप होता म्हणून गेले नव्हते.

आणि पुढे लोक काय बोलले माहितीय, आचाऱ्यानेच पंगत मोडली, त्याच्याच तोंडून अभद्र निघालं. घाबरलेला माणूस काहीही बोलतो, मी कोणाला दोष देत नाही, पण यांची भट्टी मी चालवायला घेतली तर लग्नाची कामं मला मिळेनात. बारसं चालायचं, मुंज चालायची, श्राद्ध तर एकदम चालायचं. लग्न म्हटलं की बस, पुढच्या वेळी बघू काकू.

मग नवीन नवीन केबल आली, चॅनलवर चॅनल, आणि मुंबईचे लोक त्या गोळीबारावर टीव्हीची फिल्म करायला इथे आले. नानाखेड्याला मैदानात मांडव घातला, पंगतीचा स्वयंपाक मला सांगितला. मी पहिलं विचारलं, आमच्या यांना काय दाखवणार? डायरेक्टर पोरगेलासा, त्याने वाचून दाखवलं, रसोइया भट्टी के पीछे छुप जाता है. मी म्हटलं, बेटा, हे लपले नव्हते. तो म्हणाला, आंटी, पिक्चर में थोड़ा बदलना पड़ता है. असा जीव जळला माझा. आधीच अपशकुनी म्हणत होते, आता घराघरात बघणार की दत्तूमहाराज भित्रे पण होते. तरी लाडू वळत राहिले, करता काय, काम घेतलेलं.

शूटिंगला पंगतीत बसवले ते टावर चौकाकडचे आपलेच मराठी लोक. पगड्या घालून, नथी घालून आले, टीव्हीवर दिसायचं आणि वर जेवण, कोण सोडतो. खोट्या बंदुका वाजल्या, डायरेक्टर ओरडतोय भागो, भागो, आणि एक माणूस हलेना. आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर म्हणाले, अहो, अजून मठ्ठा यायचाय. पुन्हा केलं, पुन्हा तेच, जरा उठल्यासारखं करायचे अन् पान सांभाळत खाली बसायचे, बायका तर धूळ उडते म्हणून वाट्या झाकत होत्या. डायरेक्टरने डोकंच धरलं. मला हसू येत होतं आणि आतून भरूनही येत होतं, कारण त्या दिवशीही हुबेहूब असंच झालं असणार. मग मी पदर खोचला, मधोमध गेले आणि ओरडले, पंगत मोडली, उठा.

सगळेच्या सगळे उठले. गुडघेदुखीवाले मास्तर सगळ्यांच्या पुढे.

डायरेक्टर म्हणाला, ये क्या बोला आपने? म्हटलं, मी नाही, हे बोलले होते. मग त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने तिथेच कागद काढला आणि ते लपण्याचं खोडून टाकलं. ह्यांचं काम करणाऱ्या मुलाला ते शब्द शिकवायला मलाच बसवलं. सगळी फिल्म हिंदी, तेवढं मराठी.

दाखवली तेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तो सीन झाला. मग मास्तर म्हणाले, वहिनी, नातीचं लग्न काढलंय, स्वयंपाक तुम्ही करायचा. मी रडले, सगळ्यांसमोर रडले, आणि मग चहा टाकला. आता लग्नसराईत मला पाठ टेकायला सवड नसते, महाकालाची कृपा.

हां, एक राहिलंच. तो ॲक्टर, यांचं काम करणारा, भोपाळचा मुलगा. गोळी लागून पडायचा, डायरेक्टरचं समाधान होईना, पुन्हा करा, पुन्हा करा. लोक म्हणाले, काकू, आत जा, बघू नका. मी हलले नाही. कारण कट म्हटलं की तो उठायचा, कपडे झटकायचा आणि हसत म्हणायचा, आंटी, चाय है क्या? सगळे कंटाळले होते, आणि मला वाटत होतं, अजून एकदा पडू दे याला, म्हणजे अजून एकदा उठेल. देव त्याला उदंड आयुष्य देवो.