कागदावरची अनुराधा

माझं माहेर म्हसवडच्या पल्याड, माळाचं गाव, तिकडं पान्यापरास धोंडं जास्त. आईला पोरीच पोरी, माझ्या आधी चौघी, आन् पाचवी मी झाले तवा आजी बाळंतिनीच्या खोलीत आलीच न्हाई, भाईरनंच म्हनली, हिचं नाव नकुसा ठेवा. काय सांगू तुमाला, आमच्याकडं रीतच हुती तशी, पोरगी नकुसा ठेवली की पाठीवर पोरगा हुतो म्हनायची मानसं. आन् झालाबी की. मग काय, माझ्या पायगुनाचं कौतुक, नाव नकुसा पन भाकरीवरचा लोन्याचा गोळा पयला मला. तुमी शिकलेली मानसं हे ऐकून लगीच हळहळता, पन आईनं माझा कवा दुस्वास केला न्हाई, हे आधी लिवून घ्या. नाव टोचायचं ते शाळंत. मास्तर हजेरीला नकुसा म्हनलं की मागची पोरं म्हनायची, नको तर जा की घरी. गेले घरी. चौथीतनंच गेले.

लगीन झालं ते हिकडं वाळव्याकडं, इस्लामपूरच्या जवळ. हिकडं पानीच पानी, ऊस मानसाच्या डोक्यावर, मला तर पयल्यांदा रानात गेले तवा वाट सापडंना. मालक मिल्ट्रीत. लग्नात आनि परत सुट्टीत बघितलं तेवढंच, पन मानूस थंड डोक्याचा, आवाज चढवून कवा बोललं न्हाईत. तर लगीन झाल्यावर ताटात तांदूळ पसरत्यात, आन् नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात बायकूचं नवं नाव लिवायचं, ते तुमाला ठावं असंल. ह्यांनी लिवलं अनुराधा. मला वाचाय येत हुतं, मी वाचलं, आन् मला वाटलं दुसऱ्या कुनाचं तरी ताट चुकून माझ्याम्होरं आलंय.

सासूबाई म्हनल्या, आरं बाबा, एवढं लांब नाव घिऊन हाक मारस्तवर म्हस पान्हा चोरंल की. मग ऱ्हायलं. त्या नकुसाच म्हनायच्या, शेजारपाजार नकुसा, नंतर नकुसाकाकी, नकुसामामी. आन् मालक? आवं, त्या येळंला नवरा बायकूला नावानं हाक मारतोय व्हय? अगं ए, न्हाईतर ऐकलं का, झालं. सुट्टीवर आलं की मी चिडवायची, कोन हुती वो ती अनुराधा, पठानकोटला ठेवलीया का काय? तर हसायचं नुसतं. एकदा म्हनलं, हाय एक, मिल्ट्रीच्या कागदात लावून टाकलीया, आता कुनाच्या बापाला निघायची न्हाई.

लय वर्सं गेली. मी रान केलं, म्हशी केल्या, सासू-सासऱ्यांचं केलं, लेकाला शिकवलं, तो आता पुन्याला कंपनीत हाय. मालक सुभेदार हून पिन्शनीत आलं, घरी आलं, आन् आमचा खरा संसार तवा सुरू झाला म्हना, सकाळी च्या तेच करायचं, मिल्ट्रीसारखा, नुसता गोड पाक. मधी गावच्या शाळंत आधारकार्डाचा कॅम्प लागला, त्या दिवशी आमची पान्याची पाळी, मालक उसात. मी सासूबाईंना घिऊन गेले, रेशनकार्डावर जे हुतं ते कॅम्पातल्या पोरानं टाइप केलं. नकुसा. मला कशाला सुचतंय, आन् कुनाला सुचतंय.

मालक गेलं ते बसल्या जागी गेलं. जेवन करून कट्ट्यावर बसलं हुतं, मी भांडी घासत हुते, पाठ फिरवून बोलत हुते त्यांच्याशी, उत्तर आलं न्हाई. बास. त्येच्याम्होरं मला नका इचारू.

आई माझी तवा आली हुती म्हसवडवरनं, भावानं गाडी करून आनली. कान गेल्यालं, नजर कमी, तरी तेरावं हुईपातूर माझ्याशेजारी बसून ऱ्हायली, पाठीवर हात ठिवून.

मग पिन्शनीचं काम निघालं. बँकेत गेले. तिथला साहेब चांगला हुता, खुर्ची दिली, कागद बघितलं, परत बघितलं, आन् म्हनला, मावशी, सुभेदारसाहेबांच्या कागदात पत्नी अनुराधा हाय, त्यांना घिऊन या. म्हनलं, मीच की ती. म्हनला, तुमच्या आधारला तर नकुसा हाय, मी कसं धरू? त्याचं काय चुकलं वो? त्याच्याम्होरं दोन कागद, दोन बाया. पन मी भाईर आले आन् पायरीवरच बसले. माझं दुखनं पैशाचं न्हवतं असं न्हाई, पिन्शनीबिगर मला लेकाच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. पन त्याच्यापरास दुसरंच लागलं हुतं जिवाला. एवढा जलम ह्या मानसासंगं काढला, त्याच्या अंगावरची माती मी धुतली, आन् आता मी त्याची कोनच न्हवं?

तलाठ्याकडं गेले, तो म्हनला तहसीलला जा. तहसीलला गेले, ते म्हनलं हे मिल्ट्रीचं काम, आमच्याकडं येत न्हाई. तिथंच दाराशी एक एजंट घुटमळत हुता, गोड बोलनारा, मावशी मावशी करत च्या पाजला. सगळं करून देतो म्हनला, आगाऊ पैसं घेतलं, कागद घेतलं. पुढच्या खेपंला गेले तर म्हनतो कसा, लय सोपं हाय, आपुन लिवून दिवू की अनुराधा ही पयली बायकू, ती वारली, आन् तुमी दुसरी. एक दाखला काढला की झालं, अंगठा करा.

काय सांगू तुमाला, माझं डोकंच फिरलं. म्हनलं, मुडद्या, कुनाला मारतुयास? ते नाव माझ्या मालकानं मला दिल्यालं हाय. त्यांनी बायकूला दुसरं काय दिलं, सोनं दिलं का नानं दिलं, एक नाव दिलं, आन् त्येचा मी दाखला काढू व्हय मेल्याचा? तो म्हनला, मग बसा बोंबलत. म्हनलं, बसते की, हितंच बसते. त्याच्या दारात मांडी घालून बसले, येनाऱ्या-जानाऱ्याला मोठ्यांदा सांगत, बघा ह्यो मानूस जित्या बायकांचं दाखलं काढतोय. दुपारपातूर कागद आनून दिलं त्यानं. पैसं न्हाई दिलं, गेलं ते.

आता खरी वाट सापडली ती दूध डेरीवर. माझ्यासारखीच एक बाई हाय, शेजारच्या वाडीची, तिचं मालकबी मिल्ट्रीतलं, तेबी गेल्यालं, लक्षुमी नाव तिचं. कॅन वतता वतता म्हनली, आगं वेडे, तहसीलला कशाला झिजतीस, मिल्ट्रीवाल्यांचं येगळं हापिस हाय सांगलीला, सैनिकांचं, तिथं आपली कामं हुत्यात, एक रुपया घेत न्हाईत. मला त्वांड हुतं न्हवं, मी कवाच इचारलं न्हवतं कुनाला. लाज वाटायची. मालकाची बायकू हाय का न्हाई हे गावाला काय इचारायचं? लक्षुमी दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं एस्टीत बसली, सांगलीला उतरून रिक्षा तिनंच केली.

हापिसात एक जुनं हवालदार हुतं, टेबलापाशी. मी सगळं सांगितलं, सांगता सांगता रडले. त्यांनी ऐकून घेतलं आन् म्हनलं, वहिनी, ह्यात रडन्यासारखं काय न्हाई, आमच्याकडं येनाऱ्या निम्म्या बाया दोन नावाच्या. तांदळातलं नाव आमी जवान लोक जाऊन पलटनीत लावतो आन् गावाला सांगायचंच विसरतो. माझ्या घरातबी हेच हुतं, रिटायर व्हायच्या आधी निस्तारलं. असं म्हनलं आन् मला पानी दिलं. इतक्या दिवसांत मला कुनी तरी वहिनी म्हनलं. म्हंजी ह्यांचीच ना मी कुनीतरी.

मग त्यांनी समजावलं. म्हनलं, वहिनी, दोन वाटा हायत. एक जवळची, प्रतिज्ञापत्र करायचं की नकुसा आन् अनुराधा ही एकच बाई, पिन्शन चालू हुईल, आधारवर नकुसा तशीच ऱ्हाईल. दुसरी लांबची, पेपरात जाहिरात द्यायची, सरकारी राजपत्रात नाव छापून आनायचं, मग रेशनकार्ड, मग आधार, सगळीकडं एकच नाव. तुमचं वय झालंय, खेटं घालावं लागतील, जवळची घ्या. आन् मला इचारलं, तुमाला सोताला कुठलं नाव पायजे?

आवं, हे मला जलमात कुनी इचारलं न्हवतं. पयलं आजीनं ठेवलं, दुसरं मालकानं. लक्षुमी कोपरानं ढोसती, बोल की. मी म्हनलं, भावजी, लांबची वाट घेते मी. म्हशीमागं चालून पाय तयार हायत माझं.

खेटं झालं, खोटं कशाला सांगू. कधी फोटू चुकला, कधी बोटाचा ठसा उठंना, शेन-पान्यात बोटं गुळगुळीत झाल्याली. त्या एजंटाचीबी तक्रार दिली, हवालदार भावजीच म्हनलं, द्या वहिनी, तुमी सुटला, म्हागनं येनारी अडकंल. शेवटी सगळं जुळलं. बँकेत कागद द्यायला गेले तवा बाकड्यावर बसले हुते, आतनं पोरीनं हाक मारली, अनुराधाबाई. मी आपली बसल्याली. पुन्यांदा मारली. मी इकडं तिकडं बघतेय, कोन बाई हाय, उठत का न्हाई. मग समजलं. उठले, पदर नीट केला, म्हनलं, आले की. ह्यांनी नाव दिलं, पन हाक मारायचं ऱ्हाऊन गेलं हुतं, ती हाक त्या पोरीनं मारली. साहेब म्हनला, झालं मावशी तुमचं.

पिन्शन चालू झाली तशी पयल्यांदा म्हसवडला गेले, आईला सांगायला. पेढं नेलं. मनात धाकधूक, म्हातारीला वाटंल, लेकीनं आपलं नाव टाकलं. ती अंगनात बसल्याली. कानाशी तोंड नेऊन वरडून सांगितलं, आई, मी नाव बदललं, अनुराधा लावलं. तिनं माझं त्वांड चाचपलं. मग म्हनली, बरं केलंस गं. तवा मी नाथबाबाला म्हनले हुते, आता पोरगी नको. पोरगा झाला, वरीस गेलं, तुमचं सा लेकरांचं करता करता ते मागं घ्यायचंच ऱ्हाऊन गेलं बघ.

आन् तिथंच बसल्या बसल्या नाथाच्या देवळाकडं त्वांड करून तिनं हात जोडले. मोठ्यांदा म्हनली, बहिऱ्या मानसाला आपला आवाज कळत न्हाई ना, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, म्हनली, नाथा, तवाचं माझं बोलनं मी मागं घेतलं. ही पोर मला पायजे हाय.

मी साठी वलांडल्याली बाई, तिच्या मांडीवर डोकं ठिवून रडले. अजून हाय ती, परवाच फोन केला हुता भावाच्या फोनवर. देव तिला सुखात ठेवो, आन् त्या हवालदारांच्या लेकरांचं बरं करो. गाव अजून नकुसाच म्हनतंय, म्हनू दे, तेबी मायेनंच म्हनत्यात. तुमी मातर वर नाव लिवताना अनुराधा लिवा.