मेणाखालचे ओरखडे

(पुणतांब्याजवळची वस्ती. कडुनिंबाच्या सावलीत जुनी पांढरी गाडी. आबा कानिफनाथ आणि पुण्याहून आलेली नात दिशा यांच्या हातात फडकी. ओट्यावर, बाजेवर आडवी झालेली आजी चांगुणा.)

कानिफनाथ : न्हाई बसायचा तुझा इस्वास. कुनाचाच बसत न्हाई. पन आत्ता तुला दारावर घावला न्हवं, त्यो ओरखडा बिबट्याच्या नखाचा हाय.

दिशा : बिबट्याच्या.

कानिफनाथ : चांगला वासराएवढा. उसातनं निघाला आन् गाडीम्होरं येऊन हुबा. मी थांबलो, त्यो थांबला. म्या म्हनलं, जावा पाव्हनं, आधी तुमी. तर जाईना. दाराशी आला, काचंत सोताचं तोंड बघितलं, पंजा दाराला पुसला आन् गेला निघून.

दिशा : पंज्याला एकच नख होतं का? ओरखडा एकच आहे.

कानिफनाथ : म्हातारा हुता. बाकीची झिजल्याली.

चांगुणा : व्हय गं. लई म्हातारा हुता बिचारा.

दिशा : आजी, तू पण?

चांगुणा : मी गाडीतच हुते की.

दिशा : बरं. आणि ओरखड्यात ही टूथपेस्ट कुठून आली? लवंगेचा वास येतोय.

कानिफनाथ : त्यानं दात घासलं असतील.

दिशा : आबा!

कानिफनाथ : आता हसलीस ना? मग ठिव ती बादली बाजूला. ऊन चढलंय. वरनं नवं मेन मारू, गाडी आरशावानी दिसंल.

दिशा : जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही, किती वेळा सांगू? थरावर थर मारलेत तुम्ही. कडेला पिवळं पडलंय बघा. आणि हे बघा, पाणी टाकलं. थेंब कसे टपोरे उभे राहतात? म्हणजे खाली मेण आहे. पलीकडची बाजू मी सकाळी धुतली, तिथं पाणी सपाट पसरतंय. एका धुण्यात निघालं तिकडचं. इकडं मात्र तिसऱ्यांदा साबण लावतेय.

कानिफनाथ : हिकडच्या बाजूवर माया जास्त.

दिशा : मायाच दिसतेय, मलमपट्टी केल्यासारखी. तुम्ही आत जाऊन बसा. मी करते.

कानिफनाथ : मी कशाला जाऊ? माझी गाडी हाय. कारखान्याचं चार चेअरमन बदललं, डायवर न्हाई बदलला. एकदा भंडारदऱ्याच्या घाटात असं धुकं पडलं, की पुढचा बोनट दिसंना. चेअरमन म्हनलं, कानिफनाथ, आता कसं? म्या म्हनलं, सायेब, डोळं झाका. तुमी झाका, मीबी झाकतो, म्हंजी एकमेकाला भ्या वाटायचं न्हाई. उघडलं तवा गाडी बंगल्याच्या दारात. चरा न्हाई.

चांगुणा : ह्ये तर मला लगीन झाल्यापासनं ऐकवत्यात.

दिशा : चरा नाही, हेच तर बाबांना दाखवायचंय मला. उद्या येतायत ते. फोनवर काय म्हणाले ऐकलंत ना? ‘गाडीला एक जरी नवा ओरखडा दिसला, तर किल्ली माझ्या खिशात आणि आई पुण्यात.’ म्हणून मी सकाळपासून घासतेय. लखलखीत गाडी बघितली की त्यांना बोलायला जागाच राहणार नाही.

कानिफनाथ : म्हनून तर म्हनतो, वरनं मार.

दिशा : वरून म्हणजे?

कानिफनाथ : काय न्हाई.

चांगुणा : दिशे, तुझा बाप चांगलाच हाय गं. पन त्याच्या घरात मी काय करू? खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. हितं ह्येंच्या गाडीतनं कोपरगावला जाऊन रगत धुऊन येते, दोनपारी ह्या बाजंवर पडते, ह्येंची थापाथापी ऐकते. मला बरं वाटतं.

दिशा : तिथं डायलिसिस घरापासून पाच मिनिटांवर आहे, आजी. आणि आबा, तुम्हालाही या म्हणालेत ते.

कानिफनाथ : आन् गाया? त्या काय सोसायटीच्या लिफ्टनं वर यायच्या का?

चांगुणा : ह्ये यायचं न्हाईत. मी जायाची आन् ह्ये हितं राहायचं. असं ठरतंय त्ये.

दिशा : म्हणूनच म्हणते, मला काम करू द्या. हे बघा, अजून एक निघाला. मागच्या दारापर्यंत लांबलचक.

कानिफनाथ : त्यो बाभळीचा.

दिशा : घासली गाडी बाभळीला?

कानिफनाथ : म्या न्हाई. बाभूळ आली. वावटळ अशी उठली, की झाड मुळासकट हुबं चाललं. रस्त्यावर दोन पावलं टाकली, गाडीला खेटलं आन् माघारी जाऊन आपल्या खड्ड्यात हुबं राहिलं. लोकास्नी सांगितलं तर हसत्यात.

चांगुणा : म्या बघितलं झाड. डोळ्यांनी.

दिशा : आपल्या फाटकाच्या खांबाला पांढरा रंग लागलाय, आबा. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. सकाळी बादली आणताना दिसला. बाभूळ तिकडूनच गेली का?

कानिफनाथ : खांब जुना हाय. मागच्या दिवाळीला चुना दिला त्याला.

दिशा : बरं. ते कोमट पाणी इकडं द्या. खालच्या पट्टीला फार घट्ट बसलंय... थांबा.

कानिफनाथ : काय झालं?

दिशा : हा रंग आपल्या गाडीचा नाही. जांभळा आहे. आणि बाजूला रबर घासल्याचा काळा डाग. आबा, ही सायकल आहे.

कानिफनाथ : असंल. भित्तीला टेकवून ठिवली हुती कुनीतरी.

दिशा : मग?

कानिफनाथ : मग काय? लागली. कुनी न्हवतं तिच्यावर.

दिशा : एवढीच गोष्ट?

कानिफनाथ : एवढीच.

दिशा : बिबट्याला काचेत तोंड बघायला लावलंत, बाभळीला चालायला लावलंत. आणि सायकलीचं एवढंच?

चांगुणा : अवो, ही सायकल कंदीची? मला न्हाई ठावं.

कानिफनाथ : तू निजली हुतीस.

चांगुणा : दवाखान्यातनं येताना डोळा लागतोच माझा. अंगात काय राहत न्हाई तवा. पन कंदीची? त्या दिशी का, आपून मळ्याच्या वळनावर थांबलो त्या दिशी? मी उठले तर तुमी खाली उतरल्यालं. रस्त्यात वाकल्यालं. म्हनलात, कुत्रं हाकलतोय.

कानिफनाथ : कुत्रंच हुतं.

दिशा : जांभळं?

कानिफनाथ : दिशे, तोंड सांभाळ.

चांगुणा : तिथनं गाडी बैलगाडीवानी हळू आनलीत. मी इचारलं, तर म्हनलात, खड्डा हाय, झोप तू. मी झोपले.

कानिफनाथ : आता काय त्याचं? कुनाला काय झालं न्हाई.

चांगुणा : म्हंजी हुतं कुनीतरी.

कानिफनाथ : न्हवतं म्हनलं ना!

दिशा : आबा, पलीकडच्या बाजूला एकही ओरखडा नाही. मी वीत न् वीत धुतलीय. बिबट्या डावीकडून, बाभूळ डावीकडून, खांब डावीकडे, सायकल डावीकडे.

कानिफनाथ : रस्त्याची डावी बाजू वाईट हाय. सरकारला सांग.

दिशा : आजी, जाताना तू झोपत नाहीस. काय करत असतेस?

चांगुणा : बोलत असते.

दिशा : काय बोलतेस?

चांगुणा : ह्येच की. म्हैस आली. पोरं चालल्यात. जरा तिकडं घ्या... गप्पा म्हनून.

दिशा : डोळे तपासायला गेला होतात ना, आबा? काय म्हणाले डॉक्टर?

कानिफनाथ : म्हनलं, ह्या वयात अशी नजर बघितली न्हाई. घारीची नजर. दवाखान्यातल्या समद्या पोरी बोलावून दाखवलं त्येंनी मला.

दिशा : बरं. मग त्या कडुनिंबाकडं बघा. सरळ. मान वळवायची नाही. मी तुमच्या डाव्या हाताला उभी आहे. माझ्या हातात काय आहे?

कानिफनाथ : काय पोरखेळ लावलाय?

दिशा : सांगा ना.

कानिफनाथ : फडकं हाय. दुसरं काय असनार?

दिशा : कसलं?

कानिफनाथ : तुझ्या आजीच्या जुन्या लुगड्याचं. हिरवं. काठ उसवलाय एका बाजूला. पानी ठिबकतंय त्यातनं, आत्ता एक थेंब तुझ्या पायावर पडला. आनखी सांगू? चांगुने, तूच सांग पोरीला. हाय का न्हाई?... सांग की.

चांगुणा : अवो... रिकामा हाय तिचा हात.