बायजाबाईंची साक्ष

टेंबे : तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की हा पक्षी तुम्हीही पाहिलात.

बायजा : मी तर रोज बगते. आजच काय सांगायचं त्याचं?

टेंबे : रोज?

बायजा : थंडी परली की रोज. मी इकरं चिंबोऱ्या धरायला येते, यो तिकरं चिखलात चरतो. चार सालं झाली.

टेंबे : बायजाबाई, हा पक्षी रशियाच्या पार वरच्या टोकावरून येतो. जगात जेमतेम काहीशे उरलेत म्हणतात. आपल्या खाडीत तो आल्याची नोंदच नाही.

बायजा : नोंद नसंल. यो हाय.

टेंबे : तुम्ही त्याला ओळखता कसा?

बायजा : चिमनीवरी पाखरू, नि चोचीच्या टोकाला पली. आमटी वारायची असती ना, तशी. आमी पलीवालाच म्हनतो.

टेंबे : वा. हेच. हेच वाक्य जसंच्या तसं फोनवर सांगा क्षिप्राला.

बायजा : कोन, सून का तुमची?

टेंबे : सून नाही, आमच्या डोंबिवलीच्या पक्षीमंडळाची प्रमुख. आज खाडीकाठची गणना आहे. दुपारी बाराला यादी बंद होते. फोटो नसेल, तर दुसऱ्या माणसानेही पाहिलेला असावा लागतो. नियमच आहे तसा.

बायजा : मंग फोटू कारा की.

टेंबे : काढले. माझ्या मोबाइलमध्ये चिखलात ठिपका दिसतो. दोन काढले, दोन ठिपके आले.

बायजा : नि तुमची बाकीची मानसं कुठं हायत?

टेंबे : कळव्याच्या बाजूला. सगळ्यांच्या टोळ्या केल्यात. मला चहाची किटली दिली.

बायजा : म्हंजे?

टेंबे : म्हणजे मोजणाऱ्यांना चहा पाजायचा. गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. एक पांढरा पक्षी नोंदवला मी. अकरा मिनिटं निरीक्षण केलं. वहीत लिहिलं, ‘स्वभावाने अत्यंत शांत.’

बायजा : मंग?

टेंबे : थर्माकोल निघाला. गणपतीच्या मखराचा.

बायजा : थांबा. मना जरा खाली बसू द्या.

टेंबे : हसा, हसा. सगळेच हसले. अजून ग्रुपवर कोणी ना कोणी मला थर्माकोलचे फोटो पाठवतं. बाई, एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली. कल्याणच्या बाजारात माझ्या शिक्क्याला मान होता. आता माझ्या डोळ्यांवर कोणाचा भरवसा नाही. फार लागतं हो ते. म्हणून आज किटली ठेवली आणि एकटाच निघून आलो इकडे.

बायजा : वजनमापे? म्हंजे तराजू पकरनारे? माझ्या सासूचं वजन न्हेलतं तुमच्या मानसांनी.

टेंबे : कसलं वजन होतं?

बायजा : दगर.

टेंबे : दगड वजन म्हणून चालत नाही.

बायजा : चालत व्हता की. चालीस वर्सं.

टेंबे : तो विषय राहू दे. फोन लावतो. तो तिथेच आहे ना?

बायजा : हाय, हाय. त्याला कुठं घाई हाय? लावा.

(फोन लागतो. टेंबे स्पीकर चालू करतात.)

क्षिप्रा : काका, आहात कुठे? इथे सगळे चहा चहा करतायत. किटली सापडली, साखर कुठेय?

टेंबे : साखर घातलेली आहे. नीट ऐक. चमच्यासारख्या चोचीचा तुतवार. आठ बेचाळीसला, शंभर फुटांवर.

क्षिप्रा : काका, सीरियसली? तो हलतोय ना?

टेंबे : चालतोय, खातोय. आणि साक्षीदार आहे माझ्याकडे. या बायजाबाई, इथल्याच. बोला बाई.

क्षिप्रा : नमस्कार मावशी. कसा दिसतो पक्षी? आरामात आठवून सांगा. कारण तो खरंच असेल ना, तर आम्ही सगळे आत्ताच्या आत्ता निघतो. साठ जण आहोत.

बायजा : साठ?

क्षिप्रा : आत्ता साठ. ठाण्याचे मोठ्या कॅमेरावाले पण येतील. संध्याकाळपर्यंत दोनशे कुठे गेले नाहीत.

बायजा : बरं. सांगते. मोठा हाय चांगला. बोकराएवरा.

टेंबे : बाई?

बायजा : डोक्यावर लाल तुरा. शेपटी अशी वर, काली-हिरवी.

क्षिप्रा : आणि आवाज कसा आहे, मावशी?

बायजा : आवाज म्हंजे, कोंबरा आरवतो तसाच.

क्षिप्रा : ओके. काका, मी नंतर फोन करते हं. आत्ता मला हसायचंय.

टेंबे : क्षिप्रा, ऐक तरी... ठेवला. बायजाबाई, हे काय केलंत तुम्ही? पळी कुठे गेली? कोंबडा कुठून आणलात?

बायजा : घराकरून. आमच्या शेजारच्या सगुनाचा हाय, रोज बगते त्याला पन.

टेंबे : थट्टा पुरे. आता मी मेलो तरी माझ्या शोकसभेत हे लोक कोंबडा आणतील.

बायजा : राग आला, येऊ द्या. आता माझं ऐका. दोन सालांमागं या टोकावर फ्लेमिंगो उतरले. कुनीतरी फोटू टाकला मोबाइलवर. दुसऱ्या दिशी सकाली ही गर्दी. चिंबोऱ्यांच्या बिलांवर बूट देऊन हुबे. एकानं तर दगर मारला पाखरांवर.

टेंबे : दगड? कशासाठी?

बायजा : उरताना फोटू चांगला येतो म्हने. पंधरा दिस पलीवाला दिसला नाय. मना वाटला, मेला. खोटं नाय सांगत, ररले मी. मालक गेल्यावर सकालची या टोकावर मी नि यो, दोगंच असतंव.

टेंबे : आमचे लोक तसले नाहीत, बाई. मंडळाचे नियम कडक आहेत.

बायजा : तुमच्या साठांना नियम हायत. बाकीच्यांना कोन सांगल? तुमी वजनवाले. तुमीच तोला.

टेंबे : थांबा, तिचाच फोन. बोल, क्षिप्रा.

क्षिप्रा : सॉरी काका. हसले, चुकलं माझं. पण मग विचार केला, तुम्ही वेळ सांगितलीत, अंतर सांगितलंत. असं उगीच नाही बोलत तुम्ही. मावशींचं सोडा. तुम्ही स्वतः नीट पाहिला असेल ना, तर मी साक्षीशिवाय घेते यादीत.

टेंबे : माझ्या शब्दावर?

क्षिप्रा : तुमच्या शब्दावर. आणि पुढच्या वर्षी टोळी तुमची. किटली दुसऱ्या कोणाला तरी देऊ. सांगा काका, पाहिलात का?

टेंबे : क्षिप्रा...

क्षिप्रा : आवाज कट होतोय काका. पाहिलात?

टेंबे : नाही गं. मावशी म्हणतात तेच बरोबर. कोंबडाच होता.

क्षिप्रा : नक्की?

टेंबे : गावठी. जवळ जाऊन पाहिला मी.

क्षिप्रा : बरं. या मग तुम्ही. आणि काका, मी ग्रुपवर नाही टाकत हे.

टेंबे : टाक की. लोकांना तेवढीच करमणूक.

बायजा : एकतीस वर्सांत किती येला खोटं बोललाव, साहेब?

टेंबे : नोकरीत एकदाही नाही. हे पहिलंच.

बायजा : जमला पन. ‘गावठी’ बोललाव, त्ये बेस झालं.

टेंबे : थांबा, पुन्हा एकदा बघतो त्याला. दुर्बीण कुठे ठेवली मी?

बायजा : दुर्बीन नाय लागनार. बूट कारून हातात घ्या नि माझ्या मागं या. हलू. बाकीचे त्या बांधाच्या पल्यार बसतात.

टेंबे : बाकीचे?

बायजा : मंग. एवऱ्या लांबून कोन एकटा येतंय?